आय-१३० प्रलंबित असताना अमेरिकेत जोडीदाराला भेटायला जायचंय? सगळे टप्पे, क्रमाने

नवरा अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक. त्याने तिकडून बायकोसाठी आय-१३० पिटिशन, म्हणजे नातं मान्य करून घेण्याचा अर्ज, दाखल केलंय. बायको पुण्यात, नाशकात किंवा मडगावात. पावती आली, त्यानंतर महिनोन् महिने हालचाल नाही. मग मध्येच तीन-चार आठवडे भेटून यावं असं मनात येतं आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. एक गट सांगतो, "पिटिशन टाकलंय म्हणजे टुरिस्ट व्हिसा विसरा." दुसरा सांगतो, "पिटिशनबद्दल बोलूच नका, त्यांना कुठे कळतंय."

पहिला सल्ला अर्धाच खरा आहे. व्हिसा मिळणं अवघड होतं हे खरं, पण पिटिशन आहे म्हणून व्हिजिटर व्हिसा देऊ नये असा नियम नाही. दुसरा सल्ला मात्र घातक आहे. व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला तर फी आणि काही महिने जातात, आय-१३० ला त्याने धक्का लागत नाही. महत्त्वाची गोष्ट लपवून किंवा खोटं सांगून व्हिसा मागितला असा शेरा बसला, तर अमेरिकेत प्रवेशाला कायमची बंदी लागू शकते. मग मंजूर झालेलं पिटिशनही अडकतं आणि जोडीदाराला होणारा अतोनात त्रास सिद्ध करून माफी मागत बसावं लागतं. पुढचे सगळे टप्पे हा फरक डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत.

सोयीसाठी नवरा तिकडे आणि बायको इकडे असं धरलंय. उलट असेल तरी नियम तेच.

टप्पा १: फाइल कोणती आहे आणि तिच्यात काय लिहिलंय?

आय-१३० मंजूर होणं म्हणजे सरकारने तुमचं नातं मान्य करणं, एवढंच. तो व्हिसा नव्हे. त्याच्या जोरावर अमेरिकेत जाता येत नाही आणि राहताही येत नाही. मंजुरीनंतर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे म्हणजे एनव्हीसीकडे जाते. तिथे फी, डीएस-२६० हा इमिग्रंट व्हिसाचा (कायम राहायला जाण्याच्या व्हिसाचा) फॉर्म आणि कागदपत्रं झाली की मुलाखत. भारतातल्या अर्जदारांची ती सहसा मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये होते.

नवरा नागरिक असेल तर व्हिसाच्या वार्षिक कोट्याची रांग नसते. ग्रीन कार्डधारक असेल तर तुम्ही एफ-२ए वर्गात येता आणि दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये तुमची तारीख येईपर्यंत थांबावं लागतं. भेटीचा बेत आखताना हे लक्षात घ्या. मुलाखत दोन-तीन महिन्यांवर आली असेल, तर आत्ताच व्हिजिटर व्हिसाच्या भानगडीत पडण्यात अर्थ नाही.

नवऱ्याने दाखल केलेल्या आय-१३० ची प्रत मागवून घ्या आणि स्वतः वाचा. पत्नी पुढचा अर्ज परदेशातल्या कॉन्सुलेटमध्ये करणार की अमेरिकेतच राहून स्टेटस बदलून घेणार, हे त्यात विचारलेलं असतं. काहीजण "दोन्ही वाटा उघड्या राहू देत" म्हणून तिथे अमेरिकेतलंच शहर भरतात. बायको भारतात असताना असं लिहिलेलं असेल, तर व्हिजिटर व्हिसाच्या मुलाखतीत "परत येऊन मुंबईतूनच प्रक्रिया करणार" या तुमच्या उत्तराला तुमचीच फाइल छेद देते. चूक असेल तर आधी यूएससीआयएसला, म्हणजे पिटिशन हाताळणाऱ्या इमिग्रेशन खात्याला, लेखी कळवून दुरुस्त करा.

दोन प्रकारच्या जोडप्यांनी मात्र हा लेख बाजूला ठेवून दुसरी वाट आधी पाहावी. नवरा एच-१बी वर असेल आणि ग्रीन कार्ड त्याच्या कंपनीमार्फत चालू असेल, तर तुमच्यासाठी एच-४ हा जोडीदाराचा व्हिसा आहे. तिथे पुढे कायम राहायचा इरादा असला तरी व्हिसा अडत नाही. आणि नवऱ्याला नोकरीतून ग्रीन कार्ड मिळण्याच्या आधीच लग्न झालं होतं, तर बहुधा आय-१३० ची गरजच नव्हती. त्याच्याच मंजुरीच्या आधारे मागाहून पत्नीला नेण्याची सोय असते आणि त्यासाठी आय-८२४ हा फॉर्म भरतात. लग्नाची तारीख आणि ग्रीन कार्डची तारीख शेजारी ठेवून बघा. या एका तारखेकडे लक्ष न गेल्याने रांगेत ताटकळणारी जोडपी असतात.

टप्पा २: भेट तिकडेच व्हायला हवी का?

हा प्रश्न चिडवणारा वाटतो, पण फी भरण्याआधी विचारायला हवा. नवऱ्याने इकडे येण्यात सगळ्यात कमी धोका. नागरिक असेल तर ओसीआय कार्डावर किंवा ई-व्हिसावर, ग्रीन कार्डधारक असेल तर भारतीय पासपोर्टवरच. ग्रीन कार्डधारकाने सहा महिन्यांच्या आत परतावं. त्याहून जास्त बाहेर राहिलं तर नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सलग वास्तव्यावर प्रश्न येतो आणि वर्ष उलटलं तर री-एंट्री परमिटशिवाय परतणं कठीण होतं. नागरिकालाही बेमुदत इकडे येऊन राहणं परवडत नाही. शेवटच्या टप्प्यात आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र देताना आपलं घर अमेरिकेतच आहे हे त्याला दाखवावं लागतं.

तिसऱ्या देशात भेटणं हाही चांगला पर्याय आहे. थायलंड, मॉरिशस, दुबई इथे दोघांना सहज पोहोचता येतं. तिथल्या व्हिसाचे नियम सारखे बदलतात, म्हणून तिकिटाआधी तपासा.

माझं स्पष्ट मत: लग्नाला चार-सहा महिनेच झालेत, बाईंनी लग्नासाठी नोकरी सोडलीय, याआधी परदेश प्रवास नाही आणि दोघांचं इकडे कसलंच बस्तान नाही, अशा वेळी पहिली भेट भारतात व्हावी. व्हिसा मिळूच शकत नाही असं नाही, पण नकाराची शक्यता मोठी असते आणि तो नकार पुढच्या प्रत्येक अर्जात लिहावा लागतो.

लग्नाआधी काढलेला दहा वर्षांचा बी-१/बी-२ म्हणजे व्हिजिटर व्हिसा हातात असेल तर? पिटिशन दाखल झाल्याने तो आपोआप रद्द होत नाही. त्यावर प्रवास करता येतो. मग टप्पा ५ आणि ६ सोडा. टप्पा ७ आणि ८ मात्र तुमच्यासाठी दुप्पट महत्त्वाचे, कारण सगळी चौकशी थेट विमानतळावर होणार.

टप्पा ३: नावं आणि तारखा एकसारख्या करा

मराठी कुटुंबांत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लग्नानंतर आडनाव बदलतं, आणि मधलं नावही बदलतं. स्नेहल प्रकाशची स्नेहल अमेय होते. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा, बँकेत तिसरंच काही, आणि नवऱ्याने तिकडे आय-१३० मध्ये आपल्याला आठवेल ते लिहिलेलं.

नियम साधा आहे. व्हिसाच्या फॉर्ममध्ये पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच, अक्षर न बदलता. बाकी सगळी नावं "इतर वापरलेली नावं" या रकान्यात, माहेरचं पूर्ण नावही. पासपोर्टवर नाव बदलून घ्यायचं असेल तर व्हिसाच्या अर्जाआधी घ्या किंवा सरळ इमिग्रंट व्हिसा होईपर्यंत थांबा. मध्येच बदललंत तर जुना पासपोर्ट जपून ठेवा आणि फाइल जिथे असेल तिथे नवा क्रमांक कळवा.

दुसरा घोळ लग्नाच्या तारखेचा. लग्न डिसेंबरात, नोंदणी जानेवारीत. नोंदणी प्रमाणपत्रावर दोन्ही तारखा असतात. एका फॉर्ममध्ये एक आणि दुसऱ्यात दुसरी पडली की फाइल वाचणाऱ्याला संशय येतो. विवाहाची तारीख म्हणजे विवाह झाला ती तारीख, नोंदणीची नव्हे.

थांबा आणि तपासा: पासपोर्ट, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आय-१३० ची प्रत आणि पावती असे चार कागद टेबलावर शेजारी ठेवा. नाव, जन्मतारीख, लग्नाची तारीख, पत्ता. चारही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ४: परत येण्याची कारणं कागदावर आणा

अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम २१४(बी) असं गृहीत धरतं की व्हिजिटर व्हिसा मागणारा प्रत्येकजण तिकडे कायमचा राहायलाच निघालाय. तसं नाही हे पटवायची जबाबदारी अर्जदाराची. तुमच्या बाबतीत तर कायमचं जायचा इरादा सरकारदरबारी नोंदलेलाच आहे. तो नाकारू नका. सांगायचं एवढंच की एक दिवस जायचंय, पण रीतसर इमिग्रंट व्हिसा घेऊन. आत्ताची फेरी भेटीची आहे आणि अमुक तारखेला मी परत येणार आहे.

हे पटण्यासाठी त्या अमुक तारखेला भारतात काहीतरी हवं. सर्वात वजनदार म्हणजे नोकरी. कंपनीच्या लेटरहेडवर रजा मंजुरीचं पत्र, त्यात रजा कधीपासून कधीपर्यंत आणि कामावर कधी रुजू होणार ही तारीख. नुसतं "यांना रजा देण्यास हरकत नाही" असं पत्र दुबळं ठरतं. सरकारी किंवा अनुदानित संस्थेत असाल तर परदेश प्रवासाची परवानगी लागते, तिला वेळ लागतो, लवकर अर्ज द्या. शिक्षण चालू असेल तर बोनाफाइड आणि परीक्षेचं वेळापत्रक. स्वतःचा व्यवसाय असेल तर आयकर विवरणपत्रं आणि पुढच्या महिन्यांची कामं. मुलं इकडच्या शाळेत असतील आणि इकडेच राहणार असतील, तर तेही.

फ्लॅटची कागदपत्रं आणि सोन्याचं मूल्यांकन घेऊन जाणारे पुष्कळ असतात. एजंटही ते आवर्जून करायला सांगतात. मालमत्ता कुणाला परत आणत नाही, हे अधिकाऱ्याला माहीत असतं. त्यापेक्षा शाळेतल्या सुट्टीचं परिपत्रक भारी पडतं.

भेटीची मुदत याच कागदांवरून ठरवा. तीन आठवड्यांच्या रजेला तीन आठवड्यांची भेट. "मिळतील तितके, सहा महिने" असं डोक्यात असेल तर नोकरीचं पत्र वाया गेलं.

टप्पा ५: डीएस-१६०

डीएस-१६० म्हणजे व्हिजिटर व्हिसाचा ऑनलाइन अर्ज. हा फॉर्म स्वतः भरा. एजंटकडून भरून घेतलात तरी सबमिट करायच्या आधी प्रत्येक पान वाचा, कारण खाली सही तुमचीच असते. वीस मिनिटं काही केलं नाही तर पान बंद पडतं, म्हणून ॲप्लिकेशन आयडी सुरुवातीलाच लिहून ठेवा आणि मध्ये मध्ये सेव्ह करा.

ज्या प्रश्नांवर सगळं अवलंबून आहे ते असे:

* तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन दाखल केलंय का? उत्तर "हो". पिटिशन मंजूर झालेलं नसलं तरी, पावतीच आलेली असली तरी, "हो". प्रश्न दाखल केल्याबद्दल आहे. पुढच्या चौकटीत दोन ओळी: पती अमेरिकन नागरिक, आय-१३० अमुक महिन्यात दाखल, भेटीनंतर भारतात परतून मुंबईतून इमिग्रंट व्हिसाची प्रक्रिया पूर्ण करणार. लांबलचक प्रेमकहाणी नको.
* अमेरिकेत जवळचे नातेवाईक? पती, आणि त्याचं खरं स्टेटस. भाऊ-बहीण असतील तर तेही.
* आधी कधी व्हिसा नाकारला गेलाय का? कॉलेजात असताना विद्यार्थी व्हिसा नाकारला गेला असेल तर तोही यातच येतो.
* खर्च कोण करणार? जे असेल ते. नवरा करणार असेल तर तसं लिहिण्यात काही वावगं नाही.
* सोशल मीडिया. मागच्या पाच वर्षांत वापरलेली खाती विचारतात. इन्स्टाग्रामवर "लवकरच कायमची न्यू जर्सीकर" असं मिरवत असाल तर तेही वाचलं जाऊ शकतं.

सावधान: "पिटिशन आहे" याला "नाही" म्हणण्याचा सल्ला एजंटने दिला तर एजंट बदला. पिटिशनची नोंद सरकारकडे असतेच. त्या एका खोट्या "नाही"ची किंमत सुरुवातीला सांगितलीच आहे.

व्हिजिटर व्हिसाची फी १८५ डॉलर आहे आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. अपॉइंटमेंट घेताना तिथे टाकलेला डीएस-१६० चा क्रमांक आणि छापून नेलेल्या कागदावरचा क्रमांक एकच हवा. फॉर्म दुरुस्त करून पुन्हा सबमिट केला की क्रमांक बदलतो, आणि अपॉइंटमेंटमध्ये तो बदलायला लोक हमखास विसरतात.

टप्पा ६: मुलाखत

बायोमेट्रिकची वेळ वेगळी आणि आधी असते, ठसे आणि फोटो तिथे होतात. मुलाखतीच्या दिवशी कॉन्सुलेटमध्ये मोबाइल नेता येत नाही, तेव्हा तो घरी किंवा सोबत आलेल्याकडे ठेवा. आत खिडकीपाशी उभं राहून बोलायचं असतं आणि बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत निकाल लागतो. फाइलमधला एकही कागद मागितला जात नाही असं खूपदा होतं. म्हणून कागदांवर काय आहे ते तोंडात हवं. मुंबईत मराठीत बोलण्याची सोय आहे. इंग्रजीत अडखळत असाल तर संकोच न करता मराठी मागून घ्या.

एका शिक्षिकेची मुलाखत साधारण अशी व्हायला हवी:

"कशासाठी जाताय?"
"नवऱ्याला भेटायला. दिवाळीच्या सुट्टीत, अठरा दिवसांसाठी."
"नवरा काय करतो तिकडे?"
"सॅन होजेत नोकरी करतो. तो अमेरिकन नागरिक आहे."
"मग तुम्ही इमिग्रंट व्हिसा का घेत नाही?"
"आय-१३० मार्चमध्ये दाखल केलंय, अजून निर्णय झालेला नाही. तो व्हिसा मी इथे मुंबईतच घेणार आहे."
"तोपर्यंत तिकडेच राहिलात तर?"
"सुट्टी संपली की शाळा सुरू होते. दहावीचे दोन वर्ग माझ्याकडे आहेत, आणि मुंबईतली मुलाखत मला चुकवायची नाही."

शेवटचं उत्तर बघा. त्यात भावना नाही, कामाची गोष्ट आहे. शिवाय प्रलंबित पिटिशन तिने परतीचं कारण म्हणून वापरलंय, आणि ते खरंही आहे. नियम मोडून तिकडे राहिलं तर स्वतःच्याच फाइलचं नुकसान होतं.

याउलट "त्याच्याशिवाय करमत नाही", "केस कधी होईल काय माहीत, म्हणून म्हटलं जाऊन यावं" किंवा "सासूबाईंनी सांगितलंय, तिकडचं घर लावून दे" असली उत्तरं प्रामाणिक असली तरी अर्जाचा पाया काढून घेतात. बाळंतपण तिकडे करायचा बेत असेल तर तोही लपवू नका. अर्ज करण्याआधी वकिलाशी बोला. २०२० पासून बाळाला नागरिकत्व मिळवून देणं हा मुख्य हेतू असेल तर व्हिजिटर व्हिसा नाकारायचा असा नियम आहे.

नकार आला तर: पासपोर्ट लगेच परत मिळतो आणि २१४(बी) चा छापील कागद हातात येतो. त्यावर अपील नसतं, नवा अर्ज कधीही करता येतो. पण परिस्थितीत काही बदललं नसेल तर पुढच्याच महिन्यात पुन्हा फी भरणं म्हणजे पैसे पाण्यात. नवी नोकरी लागली, फाइल पुढे सरकली, मध्ये दुसऱ्या देशात जाऊन वेळेवर परतलात, असं काही घडल्यावरच पुन्हा जा. कागद २२१(जी) चा असेल तर घाबरू नका. बहुतेकदा काही कागद किंवा पडताळणी बाकी असते.

टप्पा ७: तिकीट आणि बॅग

व्हिसा हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. काढताना येण्याजाण्याचं, मुलाखतीत सांगितलेल्या मुदतीचंच. तीन आठवडे सांगून साडेपाच महिन्यांनंतरचं परतीचं तिकीट काढणारे विमानतळावर स्वतःच्या हाताने प्रश्न ओढवून घेतात. प्रवासी आरोग्य विमा काढा. तिकडे साध्या फ्रॅक्चरचंही बिल डोळे पांढरे करतं.

आता बॅग. तीन आठवड्यांना निघालेल्या बाईंच्या बॅगेत सगळ्या मूळ पदव्या, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा अल्बम, वर्षभराच्या कुरडया-पापड, मिक्सर आणि पाच-सहा थंडीचे कोट निघाले, तर तपासणाऱ्याने काय समजावं? बॅग तुमच्या उत्तरांशी जुळली पाहिजे. मूळ कागद घरी ठेवा. चार-पाच लग्नाचे फोटो पुरेत. डाळ-मसाला थोडा न्या आणि जाहीर करा. मांस, ताजी फळं, बियाणं नको.

फोनही बॅगेसारखाच. सीमेवरचे अधिकारी तो उघडून बघू शकतात. मैत्रिणीला "आता येत नाही गं परत" असं गमतीत पाठवलेला मेसेज तिथे गंमत राहत नाही. ऐनवेळी पुसत बसण्यापेक्षा मुळात तसं लिहू नका.

हातातल्या पिशवीत वेगळं पाकीट: परतीचं तिकीट, रजेचं पत्र, आय-१३० ची पावती, नवऱ्याचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून, विम्याचा कागद.

टप्पा ८: अमेरिकेच्या दारात

व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवस, हे सीबीपीचा, म्हणजे अमेरिकेच्या सीमा तपासणी खात्याचा, अधिकारी ठरवतो. ही तपासणी बहुधा तुम्ही जिथे पहिल्यांदा उतरता तिथे होते. अबू धाबीमार्गे जात असाल तर ती अबू धाबीतच होते, अमेरिकेत पोहोचण्याआधी. तेव्हा तिथे दोन विमानांमध्ये भरपूर वेळ राहील असं तिकीट घ्या.

प्रश्न तेच असतात, उत्तरंही तीच द्या. विचारलं तेवढंच सांगा, पण पिटिशनबद्दल विचारलं तर लगेच "हो" म्हणा. आत वेगळ्या खोलीत नेलं तर तो गुन्हा लागला असं नव्हे. प्रलंबित पिटिशन असलेल्यांची अशी दुसरी चौकशी होऊ शकते. दुभाषी हवा असेल तर तिथेही मागा. समजल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका.

प्रवेश नाकारायची वेळ आली तर अधिकारी कधी कधी अर्ज मागे घेऊन परत जायची मुभा देतात. व्हिसा बहुधा रद्द होतो, पण तेवढ्यावर भागतं. तातडीने हद्दपारीचा आदेश निघाला तर किमान पाच वर्षांची बंदी बसते. दोन्हीतून निवडायची वेळ आली तर पहिलं मागा.

थांबा आणि तपासा: आत गेल्यावर त्याच दिवशी सीबीपीच्या संकेतस्थळावरून आय-९४ ही प्रवेशाची नोंद उतरवून घ्या. तुमचा मुक्काम कधीपर्यंत कायदेशीर आहे ते त्यावरच्या तारखेवरून ठरतं, पासपोर्टमधल्या दहा वर्षांच्या व्हिसावरून नव्हे. बी-२ वर साधारण सहा महिने मिळतात, पण कमीही मिळू शकतात. नाव किंवा तारीख चुकली असेल तर ती लगेच दुरुस्त करून घ्या.

टप्पा ९: मुक्कामात काय करायचं नाही

नोकरी नाही, पगारी शिकवण्या नाहीत, शेजारच्या घरात पैसे घेऊन मूल सांभाळणं नाही. भारतातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवरून करू का, असं खूपजण विचारतात. मी म्हणेन, रजा घ्या आणि लॅपटॉप घरी ठेवा. कॉलेजात प्रवेश घेणं, सोशल सिक्युरिटी नंबर मागणं, असलंही काही नको.

आता सगळ्यात मोठा मोह. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मावसभाऊ सांगतोच, "आलीच आहेस तर आता इथूनच फाइल कर, कशाला परत जातेस?" कायद्यात तशी वाट आहे हे खरं. नागरिकाची पत्नी रीतसर तपासणी होऊन आत आली असेल तर तिकडूनच आय-४८५ म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज भरू शकते. पण येतानाच तो बेत असेल तर अधिकाऱ्याला सांगितलेलं सगळं खोटं ठरतं. प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत भेटीशी विसंगत असं काही केलं तर खोटं बोलून प्रवेश घेतला असं परराष्ट्र खातं गृहीत धरू शकतं. ९१ व्या दिवशी सगळं माफ, असाही त्याचा अर्थ नाही. शिवाय आय-४८५ भरल्यावर प्रवासाची वेगळी परवानगी हातात येण्याआधी देश सोडला तर तो अर्ज सोडून दिला असं धरतात. त्या काळात इकडे वडील आजारी पडले तर? ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला तर एफ-२ए ची तारीख लागलेली नसेल आणि स्टेटस टिकलेलं नसेल, तर ही वाट मुळात उपलब्धच नाही. परिस्थिती खरोखर बदलली असेल, तर काहीही दाखल करण्याआधी परवानाधारक इमिग्रेशन वकिलाला गाठा. मावसभावाला नको.

मुदत संपल्यावर एक दिवसही राहू नका. तो व्हिसा बाद होतो. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडलात तर तीन वर्षांची बंदी, एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षांची. मुदतवाढीचा आय-५३९ अर्ज कायद्याने करता येतो, पण तुमच्या परिस्थितीत मी तो आजारपण किंवा तसंच काही आल्याशिवाय करणार नाही. मुलाखतीत सांगितलेली तारीख पाळली, एवढी एक गोष्ट पुढच्या वेळी कामाला येते.

टप्पा १०: परतल्यावर

बोर्डिंग पास, दोघांचे फोटो, एकत्र प्रवासाची तिकिटं, हॉटेलची बिलं हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. लग्न खरं आहे हे दाखवायला इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखतीत याहून चांगला पुरावा मिळत नाही. डीएस-२६० मध्ये अमेरिकेतल्या आधीच्या भेटी विचारतात. तिथे हीच तारीख आणि हाच मुक्काम, आय-९४ च्या नोंदीशी ताडून लिहा.

तुम्ही तिकडे असताना एनव्हीसीचा ईमेल येऊन स्पॅममध्ये गेला नाही ना, ते बघा. एनव्हीसीकडे वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर नोंदणी रद्द करायची कारवाई सुरू होऊ शकते. नवऱ्याने घर बदललं असेल तर त्यालाही पत्ता कळवायला लावा. नागरिक झाला असेल तर ते लगेच कळवा, एफ-२ए ची रांग तिथेच संपते.

दुसऱ्या फेरीची घाई करू नका. जितके दिवस तिकडे राहिलात त्याहून जास्त दिवस इकडे घालवून मग निघा. महिनाभर राहून परत आलेली बाई पंधरा दिवसांत पुन्हा विमानतळावर उभी राहिली, तर तिचं घर नेमकं कुठे आहे असा प्रश्न अधिकाऱ्याला पडणारच. आणि तेव्हा रजेचं पत्रही जुनं चालत नाही, नवीन तारखांचं लागतं.